मॉर्फिनचं रजिस्टर कुणी भरलं?

इंग्रजी प्रेमकथेची नायिका नर्स असेल आणि कथेत एखादा खूनही व्हायचा असेल, तर तिचा नवरा पहिल्या पानाच्या आधीच वारलेला असतो. बहुतेक वेळा तो पोलिसात किंवा अग्निशमन दलात होता, आणि दोन्हीकडे देखणा होता. त्याला जाऊन दोन ते पाच वर्षं झालेली असतात. दोनाच्या आत नायिका उथळ ठरते, पाचाच्या पुढे वाचक तिचं वय मोजायला लागतो. मधल्या काळात तिने शिकागो सोडून मोंटानातल्या एखाद्या डोंगराळ गावी जेमतेम वीस खाटांच्या हॉस्पिटलात नोकरी धरलेली असते आणि पुन्हा कुणात जीव गुंतवायचा नाही असं पक्कं ठरवलेलं असतं. हा निश्चय ती पहिल्या प्रकरणात इतक्या वेळा बोलून दाखवते, की तो मोडणार याची खात्री प्रुफं तपासणाऱ्यालाही झाली असावी. तेवढ्यात इमर्जन्सीचं दार उघडतं आणि खांद्यात गोळी लागलेला एक सहाफुटी गृहस्थ आत येतो. चालत येतो. या कादंबऱ्यांत स्ट्रेचर फक्त खलनायकाला मिळतं.

गृहस्थ पूर्वी लष्करात होता, आता कसल्याशा गुप्त कामगिरीवर आहे. त्याचा कुणावर विश्वास नाही. तिचाही नाही. बाहेर बर्फ पडतंय, फोन बंद आहेत आणि पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीचे दिवे न लावता बसलंय. पुढची दोनशे पानं पार्किंगमधला माणूस जवळ येतो, आणि खाटेवरचाही.

या प्रकाराला तिकडे रोमँटिक सस्पेन्स म्हणतात. कॅनडाच्या हार्लेक्विन कंपनीने 1984 साली त्यासाठी ‘इंट्रिग’ नावाची वेगळी मालिकाच सुरू केली. पुस्तकाची जाडी ठरलेली, शेवटही ठरलेला. खुनी सापडतो आणि लग्न जमतं. सस्पेन्स एवढाच, की आधी काय.

आमच्या घरात ही पुस्तकं आत्यामुळे शिरली. आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली, मग सरकारी नोकरीत शिरून बदल्यांच्या ऑर्डरीवर अर्धा महाराष्ट्र फिरली आणि इनचार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाली. काका तिच्या निवृत्तीच्या बऱ्याच आधी गेले. त्यानंतरही तिने पुष्कळ रात्रपाळ्या केल्या आणि त्या पाळ्यांत जागं राहायला इंग्रजी कादंबऱ्यांची सवय लावून घेतली. मराठी कादंबरी वाचताना झोप येते असं तिचं म्हणणं नाही. मराठी कादंबरी वाचताना शेजारच्या खाटेवरचे नातेवाईकही वाचतात, एवढंच. आता पाळ्या संपल्या, सवय राहिली. गुडघे दुखतात म्हणून लायब्ररीतून पुस्तकं बदलून आणायचं काम माझ्याकडे आहे. मुखपृष्ठावर स्टेथोस्कोप गळ्यात घातलेली बाई, तिच्यामागे सदरा न घातलेला बुवा आणि त्याच्यामागे दरी. असं पुस्तक काखेत मारून मी चौकातून चालत येतो तेव्हा ओळखीची माणसं माझ्या बायकोची चौकशी जरा जास्तच आपुलकीने करतात. एकदा लायब्ररीवाल्याने शिक्का मारता मारता चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, हे तुम्ही मागेच नेलं होतंत. शेवट बदललेला नाही.”

आत्या हातात पेन्सिल घेऊन वाचते. विद्यार्थिनींचे चार्ट तपासायची तिची हीच पद्धत होती. समासात छोट्या अक्षरांत शेरे असतात. “हात धुतले नाहीत.” “ग्लोव्हज?” “पेशंटला एकटं टाकून गच्चीवर कशाला?” एका कादंबरीत नायक-नायिकेचं पहिलं चुंबन ड्रेसिंग ट्रॉलीला टेकून होतं. समासात एकच शब्द होता: “स्टराइल?” दुसऱ्या एकीत नायिका खुनी मागे लागल्यामुळे सकाळी 7 वाजता हॉस्पिटलातून पळून जाते. त्या पानावर आत्याची पेन्सिल मोडली होती. मी विचारलं, “का गं?” तर म्हणाली, “हँडओव्हर दिला नाही तिने. रात्रपाळी आठला संपते. खुनी एक तास थांबला असता.”

खांद्यातल्या गोळीवर तर तिचं स्वतंत्र व्याख्यान आहे. लेखकमंडळींच्या मते खांदा हा शरीराचा असा भाग आहे, की तिथे गोळी लागली तर नायक शूर ठरतो आणि रविवारपर्यंत बराही होतो. प्रत्यक्षात कॉलर बोनच्या खालून हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिच्याभोवती त्या हाताच्या सगळ्या नसांचा गुंता असतो. वाहिनी फुटली तर माणूस चालत येण्याइतका वेळ उरत नाही, आणि नसा तुटल्या तर वाचल्यावरही हात लुळा पडू शकतो. “म्हणजे बघ,” आत्या म्हणाली, “हा तिला उचलून जिना चढतो त्या पानापर्यंत याची फिजिओथेरपीसुद्धा सुरू झालेली नसणार. बोटं हलतात का एवढंच आपण बघत असू.”

कोमात गेलेले नायक तिच्या लेखी त्याहून वाईट. तीन महिने निपचित पडलेला माणूस कादंबरीत डोळे उघडतो तेव्हा दाढी केलेली असते आणि दंड भरलेले असतात. खऱ्या वॉर्डात अशा पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. नाकातून अन्नाची नळी असते, लघवीची वेगळी असते आणि दंडांचं काय होतं ते सांगण्यात अर्थ नाही. तो शुद्धीवर आला तर आधी कूस बदलणाऱ्या आयाबाईंच्या प्रेमात पडायला हवा. अशी कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली की डॉक्टर लोखंडी इस्त्र्या घेऊन धावतात आणि नायक उडी मारून परत येतो, हेही तिला खपत नाही. सपाट रेघेला शॉक देत नाहीत. शॉक असतो तो वेडंवाकडं थरथरणाऱ्या हृदयाला. सपाट रेघेला छाती दाबावी लागते, मिनिटाला 100 ते 120 वेळा, चांगली पाच सेंटिमीटर खोल, आणि त्यात बरगड्या मोडतात. “बरगडी मोडल्याचा आवाज येतो,” आत्या वरणाला फोडणी देता देता म्हणाली, “तो एकदा ऐकला की प्रेमबीम सुचत नाही.” क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताच नायिका कोसळते, त्या पानावर तर तिने शेराच लिहिलेला नाही, नुसतं घड्याळ काढलं आहे. क्लोरोफॉर्मला कित्येक मिनिटं लागतात. तेवढा वेळ खलनायकाला तिला मिठीत धरून उभं राहावं लागेल, आणि मग कथा वेगळीच होईल.

पण माझ्या पाहण्यातला तिचा सर्वांत मोठा विजय मॉर्फिनच्या प्रकरणातला. त्या कादंबरीत हॉस्पिटलातून मॉर्फिन चोरीला जात असतं. संशय नायिकेवर येतो. नायक गुप्तहेर असल्यामुळे तिच्यावर प्रेम करावं की तिला अटक करावी या पेचात सापडतो आणि या पेचात नव्वद पानं काढतो. आत्याने साधारण तिसाव्या पानावर पुस्तक पालथं ठेवलं आणि विचारलं, “रजिस्टर कुणी भरलं?”

“कसलं रजिस्टर?”

“मॉर्फिनचं. ते काय चहापत्तीसारखं उघड्यावर असतं का? कुलुपात असतं. किती ॲम्प्युल आले, कुणाला किती दिलं, किती वाजता, कुणाच्या सहीने, उरलं किती, सगळं लिहावं लागतं. पाळी बदलताना दोघींनी मिळून मोजायचं. रिकामे ॲम्प्युलसुद्धा परत दिल्याशिवाय नवे मिळत नाहीत. ज्या पाळीत आकडा जुळला नाही ती पाळी पकडायची. तीन मिनिटांचं काम.” मग जरा थांबून म्हणाली, “मेट्रनला विचारायचं सोडून हा तिच्या डोळ्यांत काय शोधतोय?”

शेवटी चोर निघाला हॉस्पिटलचा संचालक. रजिस्टर कुणीच पाहिलं नाही. मोंटानातल्या त्या हॉस्पिटलात मेट्रनच नव्हती.

आता प्रश्न असा, की प्रेम आणि खून ही दोन्ही ओझी वाहायला या लोकांना नर्सच का सापडते? बँकेतल्या कॅशियरबाई आहेत, शाळेतल्या बाई आहेत, त्यांचेही नवरे वारतात. याचं उत्तर जुनं आहे. लंडनची मिल्स अँड बून कंपनी 1908 सालची. कॅनडातली हार्लेक्विन 1949 सालची, आणि सुरुवातीला तिच्याकडे पाककृतींपासून पाश्चात्त्य मारामाऱ्यांपर्यंत सगळं होतं. 1957 साली हार्लेक्विनने मिल्स अँड बूनकडून पहिली कादंबरी उचलून छापली, ती अॅन व्हिंटन या बाईंची ‘द हॉस्पिटल इन बुवाम्बो’. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या प्रेमकारखान्याचा पाया हॉस्पिटलात घातला गेला. डॉक्टर-नर्सच्या कथा इतक्या खपल्या, की पुढे 1971 साली हार्लेक्विनने मिल्स अँड बून कंपनीच विकत घेतली. पुढे छपाई एवढी वाढली, की ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमजवळचा एम-सहा टोल हा रस्ता 2003 साली तयार झाला तेव्हा त्याच्या डांबरात या कादंबऱ्यांच्या सुमारे 25 लाख जुन्या प्रतींचा लगदा मिसळला होता. लगद्यामुळे डांबर धरून राहतं आणि गाड्यांचा आवाज कमी होतो म्हणतात. आपल्याकडेही हा प्रयोग करता येईल. लगदा भरपूर मिळेल, मिसळायला डांबर हवं.

तर नर्स का? विचार करून पाहा. 1950च्या आसपासचं इंग्लंड. रात्रीचे दोन वाजलेत. दिवा मंद केलाय. एक अनोळखी तरुण खाटेवर पडलाय आणि त्याच्या शेजारी एक अविवाहित मुलगी त्याचा हात हातात घेऊन उभी आहे. आणि तरीही ती कुलीन घरातली, आईवडिलांना याची पूर्ण कल्पना आहे, आणि वर महिन्याला पगार मिळतोय. ही सोय दुसऱ्या कुठल्या नोकरीत होती? शिवाय लग्न झालं की नोकरी सोडायची, असा तिथल्या हॉस्पिटलांचा फार काळ दंडक होता, त्यामुळे वॉर्डात दिसणारी प्रत्येक नर्स नियमानेच रिकामी. शिकाऊ मुली नर्सेस होममध्ये राहायच्या, रात्री ठरलेल्या वेळी दार बंद व्हायचं आणि उशीर झाला तर खिडकी शोधावी लागायची. सस्पेन्स आपोआप मिळत होता, खुन्याची गरज नव्हती.

खुनी आणला तो खऱ्या नर्सनेच. मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट ही पिट्सबर्गची. नर्सिंग शिकली, 1896 साली डॉक्टरशी लग्न केलं, पुढे शेअर बाजारात घरातले पैसे बुडाले म्हणून लिहायला बसली, आणि 1908 साली ‘द सर्क्युलर स्टेअरकेस’ लिहून अमेरिकेतली लोकप्रिय रहस्यकथाकार झाली. पुढे तिने हिल्डा अॅडम्स नावाची नर्स उभी केली, जी पोलिसांसाठी श्रीमंत घरांत रुग्णसेवेच्या निमित्ताने शिरते आणि उशा नीट करता करता गुन्हे शोधते. कल्पना बिनतोड आहे. घरातल्या सगळ्या माणसांच्या खोल्यांत रात्री-बेरात्री जाण्याचा परवाना पोलिसाला नसतो, नर्सला असतो. मिग्नॉन एबरहार्टने 1929 साली सारा कीट ही नर्स आणली. तिला प्रेमापेक्षा वॉर्डातली शिस्त प्यारी, त्यामुळे आत्याला ती एकदम पसंत. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या हॉस्पिटलात आधी रुग्णसेवा केली आणि मग औषधांच्या खोलीत बाटल्या हाताळल्या. तिची विषं त्या खोलीतली, म्हणून ती लागू पडतात. राइनहार्टबाईंच्या तर आयुष्यातच सस्पेन्स आला. 1947 साली, म्हातारपणी, उन्हाळ्याच्या घरात असताना वर्षानुवर्षं कामाला असलेल्या आचाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं. पिस्तूल उडालं नाही. मग तो सुऱ्या घेऊन आला आणि इतर नोकरांनी त्याला आवरलं. हे कादंबरीत घातलं असतं तर संपादकाने परत पाठवलं असतं.

आपल्याकडच्या सिनेमानेही नर्सला सोडलं नाही. ‘दिल अपना और प्रीत पराई’मध्ये मीनाकुमारी नर्स आहे, राजकुमार सर्जन आहे, आणि दोघांनी मिळून इतका संयम पाळलाय की बघणाऱ्याचा बी.पी. वाढतो. ‘खामोशी’त वहिदा रहमानला डॉक्टरांच्या सांगण्यावरून पेशंटवर औषध म्हणून प्रेम करायला लावतात. पेशंट बरा होऊन जातो, ती राहते, आणि दुसऱ्या पेशंटनंतर तिलाच दाखल व्हावं लागतं. आत्याने हा सिनेमा पहिल्यांदा हॉस्टेलच्या मुलींबरोबर पाहिला. सगळ्या रडल्या. आत्याही रडली, पण रडून झाल्यावर तिने एकच मुद्दा काढला, की वहिदाने ही ड्युटी लेखी ऑर्डर मागितल्याशिवाय घ्यायला नको होती.

एवढं सगळं वाचून-ऐकून मला वाटलं, आपणच मराठीत एक अशी कादंबरी लिहावी. आत्याला सल्लागार नेमलं. स्थळ ठरलं तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, 30 खाटा. नायिका विधवा स्टाफ नर्स, मन घट्ट मिटून घेतलेली. पावसाची रात्र. दार उघडतं आणि खांद्यात गोळी लागलेला नायक आत येतो.

“एम.एल.सी.,” आत्या म्हणाली.

“काय?”

“गोळी लागलीय ना? मेडिको-लीगल केस. आधी पोलिसांना कळवायचं. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, कुणी आणलं, काय झालं.”

“पण तो गुप्त कामगिरीवर आहे. कुणाला कळता कामा नये.”

“मग त्याने घरी राहावं.”

पहिलं प्रकरण दहा मिनिटांत संपलं. मी हट्टाने पोलिसांना ओढ्याच्या पुरात अडकवलं आणि दुसऱ्या प्रकरणात खलनायक आणला. मध्यरात्री तो काळा कोट घालून वॉर्डाच्या दारात येतो. आत्या हसायलाच लागली. “आत पाय कुठे ठेवणार तो?” खरंच होतं. आपल्या सरकारी वॉर्डात रात्री एका पेशंटमागे तीन माणसं असतात. एक खाटेखाली, एक व्हरांड्यात सतरंजीवर, एक जिन्यावर. खलनायकाचा पाय आधी कुणाच्या तरी डब्यावर पडेल. डब्याचं झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहील. मग अंधारातून पहिला प्रश्न येईल, “कोण पाहिजे?” दुसरा येईल, “कुठल्या गावचे?” गाव सांगितलं की तिथे कुणाची तरी बहीण दिलेली निघेल. पंधरा मिनिटांत खलनायक सतरंजीवर बसून चहा पीत असेल आणि कुणाच्या तरी मुतखड्यावर उपाय सांगत असेल.

प्रेमप्रसंगाची अवस्था त्याहून अवघड झाली. नायक म्हणतो, “तुमच्या डोळ्यांत मला...” आणि सात नंबरच्या खाटेवरून आवाज येतो, “सिस्टर, सलाईन संपलं!” नायक पुन्हा सुरुवात करतो. अकरा नंबर: “सिस्टर, सुई टोचतीय!” इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सर्वसाधारण हॉस्पिटलात पाच पेशंटमागे एक नर्स असं आहे, शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तिनामागे एक. रात्रपाळीला एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलेल्या आत्याला हे आकडे परीकथेतले वाटतात. तिच्या मते माझ्या नायकाला वाक्य पूर्ण करायचं असेल तर त्याने वेगळ्या खोलीचं भाडं भरावं.

पण याच सल्लामसलतीत तिने मला एक गोष्ट सांगितली. कादंबरीतली नर्स नायकाच्या मनगटावर बोटं ठेवून उभी असते, दूर कुठेतरी बघत असते, चेहऱ्यावर काही दिसत नाही, आणि लेखिका दोन परिच्छेद लिहिते की हिने दुःखाचं दार लावून घेतलंय. मी तसंच लिहिलं होतं. आत्याने ते दोन्ही परिच्छेद आडवे कापले. म्हणाली, “ती श्वास मोजतेय रे.”

असं असतं, की नाडी मोजून संपली तरी नर्स बोटं मनगटावरून काढत नाही. आता श्वास मोजायचे असतात, आणि ते पेशंटला सांगायचे नसतात. सांगितलं की माणूस आपोआप वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून हात धरलेलाच ठेवायचा, नजर दुसरीकडे वळवायची आणि डोळ्यांच्या कडेने छाती वरखाली होताना मोजायची. चेहरा कोरा ठेवायचा. “तुझ्या हिरोला वाटलं, हिने हात सोडला नाही,” आत्या म्हणाली. “सोडणार कशी? मिनिट पूर्ण झालं नव्हतं.”

मी नंतर विचार केला, तर कोऱ्या चेहऱ्याच्या या नर्सेसवर जगभर कोट्यवधी पानं छापली गेली, त्या सगळ्या बहुधा काहीतरी मोजतच असणार. सलाईनचे थेंब, नळीतून आलेली लघवी, उरलेले ॲम्प्युल, सुट्टीचे दिवस. माणसाला प्रेमात पडायला समोरच्याकडे दुर्लक्ष करता आलं पाहिजे, असं माझं जुनं मत आहे. त्यांना ते येत नाही.

ज्या लेखिकांनी ड्युटी केली होती त्यांना हे ठाऊक होतं. ल्युसिला अँड्र्यूज दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंग शिकल्या, बाँब पडत असताना. डॉक्टरशी लग्न केलं, तो व्यसनात बुडाला, त्या लहान मुलीसह मागे राहिल्या आणि पोट भरायला हॉस्पिटलातल्या प्रेमकथा लिहू लागल्या. पहिली आली 1954 साली. स्वतःची खरी हकीकत त्यांनी 1977 साली लिहिली आणि तिला नाव दिलं ‘नो टाइम फॉर रोमान्स’. आयुष्यभर प्रेमकथा विकून आत्मचरित्राला असं नाव देणाऱ्या बाईंना माझा नमस्कार. इयन मॅकइवनने ‘अटोनमेंट’मधला युद्धकाळातला वॉर्ड रंगवताना याच पुस्तकाचा आधार घेतला, आणि त्यावरून 2006 साली बराच गलका झाला. गंभीर साहित्याला जखम कशी धुतात हे शिकायला शेवटी प्रेमकथावालीच्याच दारात यावं लागलं.

आणि बेटी नील्स. या बाई आयुष्यभर नर्स होत्या, महायुद्धात फ्रान्समध्ये होत्या, नवरा डच. निवृत्त झाल्यावर, साठीच्या सुमाराला, लायब्ररीत एक बाई चांगल्या प्रेमकथा मिळत नाहीत म्हणून कुरकुरताना त्यांनी ऐकली आणि घरी जाऊन लिहायला बसल्या. 1969 साली पहिली आली, ‘सिस्टर पीटर्स इन ॲम्स्टरडॅम’. मग थांबल्याच नाहीत. 2001 साली वारल्या तोवर सव्वाशेहून जास्त झाल्या होत्या. कथा सगळीकडे साधारण एकच. नायिका दमलेली इंग्लिश नर्स, नायक धिप्पाड डच डॉक्टर, आडनावाला मागेपुढे ‘व्हान डर’, दाराशी रोल्स-रॉइस किंवा बेंटली. खून नाही, बंदूक नाही. शृंगार म्हणाल तर शेवटच्या पानापर्यंत हात धरण्यापलीकडे मजल जात नाही. पण नायक पहिल्या भेटीपासून एक काम अखंड करतो. तो तिला खायला घालतो. सूप, सँडविच, ऑम्लेट, केक, चहा, पुन्हा चहा. पदार्थांची नावं घेऊन, किती वाढलं ते सांगून. मग नायिका त्याच्या गाडीत झोपून जाते आणि तो गाडी हळू चालवतो.

मला हे फारच मिळमिळीत वाटलं. आत्याने ते पुस्तक एका बैठकीत संपवलं. समास कोरे होते. शेवटच्या पानावर मात्र पेन्सिलने लिहिलं होतं, “उठवलं नाही त्याने.” मग मला म्हणाली, “या बाईने नाइट केलीय. बाकीच्यांनी केलेली नाही.” लायब्ररीवाल्याकडून मी त्या बाईंची मिळतील तेवढी पुस्तकं आणतो आता. शेवट बदललेला नाही याबद्दल आत्याची तक्रार नाही.

आता शेवटचा मुद्दा आंब्यांचा. आत्याच्या हाताखाली फार पूर्वी बरे झालेले एक निवृत्त हेडक्लार्क दर मे महिन्यात हापूसची पेटी घेऊन येतात. तेही एकटेच आहेत. व्हरांड्यात बसतात, पावसाबद्दल बोलतात, अर्धा कप चहा घेतात आणि जातात. इतक्या कादंबऱ्या वाहून आणल्यावर माझ्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. मी एकदा हळूच विचारलं, “आत्या, हे दरवर्षी एवढी पेटी का आणतात गं?”

“शुगर तीनशे आहे त्याची,” आत्या म्हणाली. “घरात ठेवली तर खाईल.”

यंदा मे अर्धा झाला तरी पेटी आली नाही. आत्याने दोनदा फाटकाकडे पाहिलं, तिसऱ्यांदा फोन उचलला. नमस्कार नाही, खुशाली नाही. “फास्टिंग किती आलं?” एवढंच विचारलं. पलीकडून आकडा आला असावा, कारण त्यानंतर ती अर्धा तास बोलत होती. मीठ, साखर, गोळ्यांच्या वेळा, पायाला झालेली जखम सांगितली का नाही, डॉक्टर कोण, त्याने काय लिहिलं, चप्पल कुठली घालता. एवढं सविस्तर रागावलेलं मी तिला काकांवरही कधी ऐकलं नव्हतं. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली आणि मला हाक मारली. डबा तयार होता. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, बिनगुळाची आमटी.

“स्कूटर काढ,” म्हणाली. “आणि तिथे आंब्याची पेटी असेल, ती उचलून आण.”